शहरातल्या झाडांवरचे रोगजिवाणू: घुसखोर एकच की अख्खी टोळी, हे शोधायचं कसं

रस्त्याच्या कडेने एका ओळीत वीस झाडं, त्यातल्या आठांच्या खोडावरून गंजाच्या पाण्यासारखा तांबूस रस ओघळतोय. अशा वेळी बहुतेक जण एका झाडाचं सॅम्पल काढतात, लॅबला देतात, जिवाणूचं नाव येतं आणि फाईल बंद. पण नाव कळलं तरी खरी भानगड तिथेच राहते, की या आठही झाडांवर एकाच जिवाणूची पिलावळ बसलीये का वेगवेगळ्या वाटांनी आलेले चार-पाच स्ट्रेन (एकाच जिवाणूचे वेगवेगळे वंश) एकाच वेळी डोकं वर काढतायत. पहिलं असेल तर कुठून तरी एकदाच आत शिरलेला पाहुणा शोधायचा, म्हणजे रोपं कुठल्या नर्सरीतून आली, छाटणीची हत्यारं कोणती फिरली वगैरे. दुसरं असेल तर जिवाणू आधीपासूनच परिसरात मुरलेला आहे आणि झाडंच कशाने तरी खचलीयेत, खणकामात मुळं तुटली असतील, फुटपाथखाली माती आवळली असेल, उन्हाचा ताण असेल. दोन्हीचे उपाय वेगळे, आणि चुकीच्या उपायावर पैसे घालवले की झाड काही वाचत नाही.

हा लेख नावाच्या पुढच्या त्या प्रश्नासाठी आहे, की स्ट्रेन एक का अनेक. तुमच्या हाताशी साधी मायक्रोबायोलॉजीची लॅब आहे, पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या भरपूर प्रती काढणं) येतो, सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं) बाहेरून करून घेता येतं, एवढं धरून चाललोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: विविधतेचा आकडा मशीनमध्ये ठरत नाही, झाडाखाली सॅम्पल काढताना ठरतो, त्यामुळे लेखाचा बराचसा भाग झाडाखालीच जाणार आहे.

आधी पार्टी ओळखून घ्या

कोण असू शकतं याचा अंदाज नसेल तर पद्धतच चुकते, कारण प्रत्येक जिवाणूची विविधता वेगळ्या जातीची असते.

स्युडोमोनास सिरिंगी हा सगळ्यात जास्त भेटणारा. हा एक जिवाणू नाहीच, मोठं कुटुंब आहे. २०१४ साली सायट्रेट सिंथेजच्या जनुकावरून त्याचे १३ फायलोग्रुप, म्हणजे वंशावरून पाडलेले गट, मांडले गेले. चेरी, लायलॅक, हॉर्स चेस्टनट, सगळीकडे याचे भाऊबंद. हॉर्स चेस्टनटची गोष्ट तर प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी. २००० नंतर उत्तर-पश्चिम युरोपात या झाडांची खोडं गळायला लागली, आणि कारण निघालं स्युडोमोनास सिरिंगीचा एस्क्युली नावाचा पॅथोव्हार, म्हणजे ठरावीक झाडांवर रोग आणणारा पोटप्रकार. गंमत म्हणजे हाच पॅथोव्हार त्याआधी भारतात, १९६९ साली, इंडियन हॉर्स चेस्टनटच्या पानांवरच्या ठिपक्यांतून काढलेला होता, तोही साधा पानांचा रोग म्हणून. २०१० मध्ये जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, एकमेकांशी लावून बघितले तर ब्रिटनमधले स्ट्रेन एकमेकांशी जवळजवळ तंतोतंत जुळले आणि भारतातला जुना स्ट्रेन त्यांच्यापासून बऱ्यापैकी लांब पडला. म्हणजे ब्रिटनमध्ये पसरलेला रोग हा नुकत्याच आलेल्या एका घुसखोराचा वंश. हा निष्कर्ष नुसत्या नावावरून कधीच निघाला नसता, नाव तर दोन्हीकडे एकच होतं.

झायलेला फास्टिडिओसा पाणी वाहणाऱ्या नळ्यांमध्ये राहतो, रस शोषणारे किडे त्याला झाडाझाडांवर नेतात. अमेरिकेच्या पूर्व भागात रस्त्याकडेच्या ओक, एल्म, सायकामोर यांची पानं कडेकडेने करपतात ती याच्या मल्टिप्लेक्स उपप्रजातीमुळे. इटलीच्या पुलियात २०१३ मध्ये ऑलिव्हवर सापडलेला मात्र पाउका उपप्रजातीचा, सिक्वेन्स टाइप ५३ (ठरावीक जनुकांच्या अक्षरांवरून दिलेला नंबर), आणि त्याचे सगळ्यात जवळचे नातलग निघाले कोस्टा रिकातले.

एर्विनिया अमायलोव्होरा, म्हणजे फायर ब्लाइटवाला, शोभेच्या नाशपाती, हॉथॉर्न, रोवन यांच्यावर येतो. हा इतका एकसारखा आहे की या गटातल्या झाडांवरचे जगभरातले स्ट्रेन ९९ टक्क्यांहून जास्त जुळतात. नेहमीच्या पद्धती इथे हात टेकतात.

ओकच्या खोडावर अचानक काळे पाझर दिसायला लागले की ब्रेनेरिया गुडविनी, गिब्सिएला क्वेर्सिनेकॅन्स ही मंडळी आठवा. ब्रिटनमधल्या अ‍ॅक्यूट ओक डिक्लाइनमध्ये हे एकत्रच सापडतात, सोबत सालीखाली बोगदे करणारा एक भुंगाही, म्हणजे इथे गुन्हेगार एक नाहीच. बाकी मुळांशी गाठी करणारा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम आणि मर आणणारा राल्स्टोनिया हेही शहरी झाडांवर भेटतात, राल्स्टोनियाचं पुढे ओघात येईल.

एक सावधगिरी: खोडातून आंबूस वासाचं पाणी गळतंय एवढ्यावरून रोग ठरवू नका. वेटवुड नावाचा प्रकार असतो, त्यात लाकडाच्या आत डझनभर प्रकारचे जिवाणू आंबवणी करत बसलेले असतात आणि झाड वर्षानुवर्षं मजेत उभं असतं. त्यांची विविधता मोजली तर भरपूर निघेल, पण ती रोगाची विविधता नव्हे.

झाडं किती आणि कोणती

आता मोजणीचं गणित, सोपं आहे. समजा एखादा टाइप, म्हणजे एकसारख्या जिवाणूंचा गट, १० टक्के रोगी झाडांवर आहे. तो एकदा तरी हाती लागावा अशी ९५ टक्के खात्री हवी तर २९ झाडं तपासावी लागतात, कारण ०.९ ला २९ वेळा गुणत गेलं की ०.०४७ उरतं, म्हणजे हुकण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या खाली. ५ टक्क्यांवर असलेला टाइप हवा असेल तर ५९ झाडं. आठ झाडांवरून 'इथे एकच स्ट्रेन आहे' असं छातीठोक लिहिणारे रिपोर्ट बघितलेत मी, त्यांना हे गणित दाखवावंसं वाटतं.

एका झाडावरून १५ कॉलनी (प्लेटमधल्या माध्यमावर उगवलेले जिवाणूंचे ठिपके) उचलण्यापेक्षा १५ झाडांवरून एकेक उचला. बहुतेकांचं इथेच चुकतं, कारण एकदा प्लेट भरभरून उगवली की सगळं उचलायचा मोह होतो. मात्र तीन-चार झाडं अशी ठेवा जिथे मुद्दाम खोल जायचं, एकाच जखमेतून दहा कॉलनी, त्याच झाडाच्या दुसऱ्या फांदीवरून आणखी दहा. एका झाडात एकच स्ट्रेन राहतो का दोन-तीन शेजारी नांदतात हे तेवढ्यावरून कळतं, आणि बाकीच्या झाडांवर एक कॉलनी पुरेशी होती का हेही.

निवड करताना शहरी झाडाची एक खोड लक्षात घ्या. ओळीतली झाडं बऱ्याचदा एकाच कलमाची असतात, म्हणजे झाडाच्या बाजूने विविधता शून्य. त्यामुळे जिवाणूही एकसारखा निघाला तर तो एकदाच आला म्हणून की या कलमावर तोच एक तगतो म्हणून, हे त्या ओळीवरून सांगताच येत नाही. म्हणून नमुन्यात वेगवेगळ्या काळात लावलेल्या ओळी घ्या, एखादं बियांपासून वाढलेलं जुनं झाड घ्या, आणि शेजारचं दुसऱ्या जातीचं पण तसंच दुखणं असलेलं झाडही घ्या. आणि निरोगी दिसणारी काही झाडं. हो, निरोगी. स्युडोमोनास सिरिंगी निरोगी पानांवर, पावसाच्या पाण्यातसुद्धा आरामात राहतो, त्यामुळे रोगी झाडातला स्ट्रेन हा आजूबाजूच्या सामान्य लोकांपैकीच आहे की वेगळा, हे निरोगी झाडांशिवाय कळणार कसं?

प्रत्येक झाडाची नोंद जागेवरच: जीपीएस, जात, कलम माहीत असेल तर ते, लावल्याचं साल, शेवटची छाटणी कधी, जखम जमिनीपासून किती उंचीवर, फोटो. घरी जाऊन लिहू म्हटलं की झालंच.

झाडाखाली बसून

वेळ महत्त्वाची. गळती असलेल्या खोडांसाठी थंड-ओलसर दिवस, जेव्हा रस ताजा असतो. फायर ब्लाइट असेल तर फुलोऱ्यानंतर कोंब नुकतेच वाकलेत तेव्हा, वाळून काळे कोळ झाल्यावर प्लेटवर बुरशीशिवाय काही येत नाही. झायलेलासाठी उन्हाळ्याचा शेवट ते शरद ऋतूची सुरुवात, कारण तोवर नळ्यांमध्ये त्याची संख्या वाढलेली असते. पानांचे देठ आणि मधली शीर घ्यायची, पूर्ण करपलेलं पान नाही तर ज्याची निम्मी पात अजून हिरवी आहे ते.

खोडाच्या जखमेवर काम असं होतं. बाहेरची मेलेली साल चाकूने हळूहळू खरवडायची, आत गेलं की आधी तपकिरी चोथा लागतो, मग केशरी-तपकिरी चट्टे, आणि त्यांच्या कडेला एक अरुंद पट्टा दिसतो, ओलसर, पाण्यात भिजल्यासारखा, त्याच्या पलीकडे पांढरट-हिरवी निरोगी आतली साल. तो पट्टा म्हणजे आघाडी, जिवाणू तिथे जिवंत आणि जोमात असतो. अर्धा सेंटिमीटरचे तुकडे तिथलेच घ्या, निम्मे रोगी बाजूचे आणि निम्मे निरोगी बाजूचे असे. वर ओघळलेला रस पुसून प्लेटवर टाकू नका, त्यात हवेतले-धुळीतले सगळे उपरे असतात.

शंका असेल तर जागेवरच एक खेळ करून बघा. कडेचा पातळ काप पाण्याच्या थेंबात ठेवून छोट्या मायक्रोस्कोपखाली धरा, जिवाणू भरपूर असतील तर कापलेल्या कडेतून दुधाळ धूर निघाल्यासारखी धार दिसते, सिगारेटचा धूर संथ हवेत जातो तशी. राल्स्टोनियाच्या मर रोगात तर फांदीचा ताजा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात लटकवला की नुसत्या डोळ्यांनाही ती पांढरी धार खाली उतरताना दिसते. धार नाही दिसली म्हणजे जिवाणू नाही असं मात्र नाही, कमी असेल तर दिसत नाही.

हत्याराबद्दल माझी स्वतःची फजिती सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत सहा झाडांचे नमुने आणले, डीएनएचे फिंगरप्रिंट (जेलवरचा बारकोडसारखा पट्टा, त्याचं पुढे येईल) काढले, सहाही झाडांचा पट्टा हुबेहूब एक. मी खूश, एकाच क्लोनची साथ सापडली म्हणून चार लोकांना सांगूनही झालं. मग बघतो तर मधल्या निरोगी झाडातूनसुद्धा तोच पट्टा. वहीत स्वतःच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'ब्लेड अल्कोहोलने पुसलं'. पुसलं! जाळलं नव्हतं, आणि पुसायचा बोळाही सहा झाडांना एकच. पहिल्या झाडाचा जिवाणू मीच ओळीने सगळ्यांना वाटत गेलो होतो, आणि ते फक्त सॅम्पलमध्ये नाही, झाडांमध्येही. तेव्हापासून प्रत्येक झाडाला नवीन ब्लेड, नाहीतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीवर धरायचं, हातमोजे बदलायचे, आणि दर पाच झाडांमागे एक निरोगी झाडाचा नमुना त्याच हत्याराने. तो निरोगी नमुना फुकट गेल्यासारखा वाटतो, पण सगळ्या कामाचा जामीन तोच आहे.

तुकडे कागदी पाकिटात, मग झिप-पिशवीत, गारव्याच्या डब्यात, थेट बर्फाला टेकवून नाही. ४८ तासांत प्लेटवर गेले पाहिजेत. आणि कायद्याचं बघा: झायलेला, राल्स्टोनिया, फायर ब्लाइट हे बऱ्याच देशांत क्वारंटाईनचे जिवाणू आहेत, नुसता संशय आला तरी वनस्पती संरक्षण खात्याला आधी कळवायचं असतं, जिवंत कल्चर पोस्टाने इकडून तिकडे पाठवणं हा चक्क गुन्हा ठरू शकतो.

प्लेटवर

तुकडे ७० टक्के अल्कोहोलमध्ये काही सेकंद, मग साधारण अर्धा टक्का हायपोक्लोराइटमध्ये एक मिनिट, मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा. शेवटच्या धुण्याचं पाणीही एका प्लेटवर टाका, तिथे काही उगवलं तर बाहेरची घाण गेली नाही असं समजायचं. नंतर थोड्या बफरमध्ये तुकडे बारीक चिरून २०-३० मिनिटं तसेच ठेवायचे, खलबत्त्यात कुटू नका, कुटलं की सालीतलं टॅनिन मोकळं होतं आणि जिवाणूच मरतात. मग दर वेळी १० पट असं चार वेळा पातळ करून प्लेटवर पसरायचं.

स्युडोमोनाससाठी किंग्ज बी माध्यम, त्यावर अनेक स्ट्रेन अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली निळसर-हिरवे चमकतात. सगळे नाही चमकत, म्हणून न चमकणाऱ्या टाकून देऊ नका, ही चूक विविधतेला सरळ कात्री लावते. राल्स्टोनियाला टेट्राझोलियमचं माध्यम, मधोमध गुलाबी आणि कडेने पांढऱ्या, पसरट, ओघळत्या कॉलनी. बुरशी फार त्रास देत असेल तर लिटरला ५० ते १०० मिलिग्रॅम सायक्लोहेक्सिमाइड, पण ते विषारी आहे, हातमोजे घालूनच. तापमान २५ ते २८ अंश, दोन-तीन दिवस. झायलेला मात्र संयमाची परीक्षा बघतो, त्याची खास माध्यमं लागतात आणि कॉलनी दिसायला एक ते तीन आठवडे, कधी त्याहून जास्त. तोवर प्लेट सुकू नये म्हणून सील करून ठेवा, आणि खरं सांगायचं तर कित्येकदा कल्चरच्या नादी न लागता देठातून थेट डीएनए काढून काम भागवावं लागतं.

कॉलनी उचलताना आपल्या आवडीची, गोल गरगरीत, पुस्तकातल्यासारखी उचलायची नाही. प्लेटच्या मागच्या बाजूला आधी चौकोन आखा, कुठला चौकोन ते चिठ्ठी टाकून ठरवा आणि त्यातल्या सगळ्या उचला. ओकच्या पाझरासारख्या प्रकरणात दिसायला वेगळी प्रत्येक कॉलनी घ्या, कारण तिथे टोळी अपेक्षितच आहे. उचललेली कॉलनी तीनदा नव्या प्लेटवर ओढून शुद्ध करायची, मग २० ते ३० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर.

हाच तो का?

ही पायरी कंटाळवाणी म्हणून वगळतात. वगळू नका. जखमेतून आलेली निम्मी मंडळी फुकटे असतात. स्युडोमोनाससाठी लेव्हान, ऑक्सिडेज, बटाट्याची सड, आर्जिनिन आणि तंबाखूच्या पानावरची प्रतिक्रिया या पाच जुन्या चाचण्या अजूनही स्वस्त आणि मस्त आहेत. तंबाखूच्या पानात सुई नसलेल्या सिरिंजने, शिरांच्या मधल्या जागेत, जिवाणूचं दाट पाणी भरायचं, २४ तासांत तेवढाच भाग कोसळून कागदासारखा झाला की त्याच्याकडे हल्ल्याची यंत्रणा आहे. पण खरा पुरावा म्हणजे मूळ झाडाच्याच रोपावर लावून रोग येतो का बघणं आणि आलेल्या रोगातून परत तोच स्ट्रेन काढणं. सगळ्यांवर करणं शक्य नसतं, म्हणून आधी टाइप पाडा आणि प्रत्येक टाइपमधले एक-दोन प्रतिनिधी लावा.

टाइप पाडायची शिडी

खालच्या पायरीपासून वर जायचं, सगळ्यांना थेट जीनोमवर नेणं म्हणजे उधळपट्टी.

१६एस जनुक फक्त कुळ ठरवायला. साधारण १५०० अक्षरांचा हा तुकडा जवळच्या नातलगांत इतका सारखा असतो की त्यावर विविधतेचा निबंध लिहिणं म्हणजे आडनावावरून सख्खे भाऊ ओळखण्यासारखं.

मग रेप-पीसीआर, म्हणजे बॉक्स, एरिक हे प्रायमर, जे जीनोममध्ये जागोजागी परत येणाऱ्या छोट्या तुकड्यांवर चिकटतात आणि जेलवर बारकोडसारखा पट्टा देतात. एका दिवसात शंभर आयसोलेट (वेगळे काढून शुद्ध केलेले जिवाणू) चाळता येतात. पण जेल-जेलमध्ये फरक पडतो, म्हणून दर जेलवर एक ओळखीचा स्ट्रेन चालवा, आणि दोन वेगळ्या लॅबचे पट्टे कधीच एकमेकांशी लावू नका. झाडाच्या सालीतून थेट डीएनए काढला असेल तर पीसीआर गप्प बसतो, कारण टॅनिन. काढतानाच पीव्हीपी (टॅनिन पकडून ठेवणारी पावडर) घाला किंवा नमुना १० पट पातळ करून परत चालवा, बहुतेक वेळा तेवढ्यावर सुटतं.

त्याच्या वर काही ठरावीक जनुकांचं सिक्वेन्सिंग. स्युडोमोनास सिरिंगीसाठी सायट्रेट सिंथेज, गॅप-ए, जायर-बी आणि आरपीओ-डी ही चार जनुकं चालतात, झायलेलाची सात जनुकांची ठरलेली योजना आहे आणि टाइपना जगभर एकच नंबर असतात. राल्स्टोनियात आधी मल्टिप्लेक्स पीसीआरने (एकाच नळीत अनेक तुकड्यांचा पीसीआर) चारपैकी कुठला फायलोटाइप, म्हणजे मोठा गट, ते बघायचं, मग एंडोग्लुकॅनेजच्या जनुकावरून सेक्वेव्हार, म्हणजे त्यातला पोटगट. या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे तुमचा निकाल दुसऱ्या खंडातल्या निकालाशी थेट लावता येतो.

एर्विनिया अमायलोव्होरावर मात्र हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी, सगळे एकसारखेच दिसतात. तिथे क्रिस्परचा भाग वाचायचा. जिवाणूवर विषाणूंचा हल्ला झाला की तो त्यांचा तुकडा आपल्या जीनोममध्ये एका टोकाला खोवून ठेवतो, नवीन तुकडा नेहमी त्याच टोकाला, म्हणजे ही एक प्रकारची डायरी झाली. दोन स्ट्रेनच्या डायरीची जुनी पानं सारखी आणि अलीकडची वेगळी असतील तर ते कधीतरी एकत्र होते आणि मग फुटले.

अख्खा जीनोम

प्रत्येक टाइपमधून काही, आणि ज्यांच्यावर शंका आहे ते सगळे, जीनोमसाठी पाठवा. स्युडोमोनास सिरिंगीचा जीनोम साधारण ६० लाख अक्षरांचा, ५० पट कव्हरेज, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी ५० वेळा वाचलेलं, हवं तर ३० कोटी अक्षरं लागतात. झायलेलाचा २५-२७ लाखांचाच, कमीत भागतं. पाठवताना एक युक्ती करा, एकच स्ट्रेन दोन वेगळ्या नावांनी पाठवा. परत आल्यावर त्या दोघांत जेवढे फरक दिसतील तो तुमच्या पद्धतीचा स्वतःचा आवाज, म्हणजे चुकीने दिसणारे फरक. पाच एसएनपीचा (एकेका अक्षराच्या बदलाचा) फरक म्हणजे वेगळा स्ट्रेन की नाही याला जगमान्य आकडा नाही, तुमचा आवाजच तुमची पट्टी.

आल्यावर क्रम असा: रीड (मशीनने वाचलेले छोटे तुकडे) साफ करणं, स्पेड्स या सॉफ्टवेअरने जोडणं, चेकएम या सॉफ्टवेअरने भेसळ बघणं. भेसळ पाच टक्क्यांच्या वर गेली तर हट्ट न करता परत शुद्ध करा, नाहीतर दोन स्ट्रेनच्या मिश्रणातून तिसराच काल्पनिक स्ट्रेन तयार होतो आणि तुमची विविधता वाढते. मग सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य काढायचं, ९५-९६ टक्क्यांच्या वर असेल तर प्रजाती एक. त्यानंतर स्निपीसारख्या टूलने एसएनपी काढा, संदर्भ म्हणून लांबचा प्रसिद्ध स्ट्रेन न घेता आपल्याच संचातला एक चांगला जुळलेला जीनोम घ्या.

आणि वंशवृक्ष काढायच्या आधी रिकॉम्बिनेशन काढून टाका, गबिन्स किंवा क्लोनलफ्रेमने. जिवाणू एकमेकांकडून डीएनएचे तुकडे उचलतात, एका उचलीत शंभर एसएनपी येतात, आणि आपण समजतो की हे दोघे शंभर पावलं लांब गेले, प्रत्यक्षात एकच उडी असते. झायलेलात हे नुसतं पुस्तकी नाही, तुतीवर येणारी मोरस उपप्रजाती दोन उपप्रजातींच्या अशा मिसळीतूनच आलेली आहे. सगळं झाल्यावर आयक्यू-ट्रीने वंशवृक्ष.

प्लास्मिड, म्हणजे मुख्य जीनोमबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्या, वेगळे बघा. तांब्याला आणि स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारी जनुकं बऱ्याचदा प्लास्मिडवर असतात, स्ट्रेप्टोमायसिनची जोडी तर टीएन५३९३ नावाच्या उडत्या तुकड्यावर बसून एका प्रजातीतून दुसरीत जाते. म्हणजे वंशवृक्षावर लांब असलेले दोन स्ट्रेन एकच प्रतिकार बाळगून असू शकतात, आणि फवारणीचा सल्ला देणाऱ्याला वृक्षापेक्षा हीच गोष्ट जास्त कामाची.

आकडा काढताना

समजा १० झाडांवरून ३० आयसोलेट मिळाले. टाइप क चे २०, ख चे ६, ग चे ३, घ चा १. सिम्पसन इंडेक्स, म्हणजे डोळे मिटून दोन उचलले तर ते वेगळे निघण्याची शक्यता, येतो ०.५२. वाचणारा म्हणेल, बऱ्यापैकी एकाच स्ट्रेनची साथ आहे. आता वही उघडा. क चे २० आले फक्त चार झाडांवरून, कारण त्या प्लेट भरभरून उगवल्या होत्या. ख तीन झाडांवर, ग दोन, घ एकावर. एका झाडावरचा एक टाइप एकदाच मोजला तर ४, ३, २, १, आणि इंडेक्स होतो ०.७८. जिवाणू तेच, झाडं तीच, आणि गोष्ट उलटली. म्हणून दोन्ही आकडे द्या, आणि कुठला कसा काढला ते शेजारी लिहा. दोन भागांची तुलना करायची असेल आणि एकीकडे ५० झाडं, दुसरीकडे १२ असतील तर दोन्ही १२ वर आणून, म्हणजे रेअरफॅक्शन करून, मगच, नाहीतर जिथे जास्त हिंडलात तिथेच जास्त विविधता दिसणार.

मग नकाशा. जवळच्या झाडांवर जवळचे स्ट्रेन असतील तर पावसाचे शिंतोडे, किडे, शेजारची मुळं अशी पायी चालणारी वाट. लांब-लांबच्या दोन ओळींत हुबेहूब एक स्ट्रेन आणि मधल्या झाडांवर दुसराच, तर गाडीत बसून आलेला आहे, लावल्याचं साल आणि छाटणीचं रजिस्टर काढा, नमुने काढतानाच लिहून घेतलेली ती कंटाळवाणी माहिती इथे सोन्याची होते. सगळीकडे सगळे टाइप मिसळलेले आणि निरोगी झाडांवरही तेच, तर जिवाणूच्या मागे धावणं सोडा आणि मुळांजवळची माती खणून बघा. सगळे एकच असतील तर 'एकदाच आला' हे लगेच लिहू नका, एर्विनियासारख्या एकसारख्या जिवाणूत दोनदा आलेलेही एकच दिसतात. आधी जगातल्या इतर जीनोमच्या गर्दीत तुमचे ठेवा, वंशवृक्षावर तुमच्याच स्ट्रेनच्या मध्ये परके येऊन बसले तर दोनदा आले.

सिक्वेन्स सार्वजनिक डेटाबेसमध्ये टाकताना झाडाची जात, जागा आणि तारीख भरा, अशी माहिती नसलेले शेकडो जीनोम तिथे पडून आहेत आणि कुणाच्याच कामाचे नाहीत. कल्चरच्या दोन-दोन ट्यूब, दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये, आणि झाकणावर नाही तर ट्यूबच्या अंगावर नंबर, कारण झाकणं अदलाबदल होतात.